इनास अंकलचे खिसे

दुकान बंद करायची वेळ झाली, की इनास अंकल मागच्या दाराशी उभे राहून पँटचे दोन्ही खिसे उलटे काढायचे. अस्तराचं पांढरं कापड दोन्ही बाजूंना लोंबायचं. मग शर्टाचा खिसा चिमटीत धरून ओढायचा, पँटच्या तळाची दुमड झटकायची, आणि समोर जो असेल त्याला म्हणायचं, "बघ." समोरच्याने नीट बघून म्हणायचं, "क्लिअर." त्याशिवाय ते दाराबाहेर पाऊल टाकत नसत. समोर कोणी नसेल तर थांबत. एकदा मी आत फोनवर बोलत बसले आणि ते खिसे लोंबते ठेवून बराच वेळ दाराशी तसेच उभे राहिले. मी आले तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बघ."

अबू धाबीतल्या शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात ते काडतुसांच्या काउंटरवर होते. तंबू, दुर्बिणी, बूट, मोजे हे सगळं पुढच्या बाजूला. मागे जाड काचेचं काउंटर आणि कुलपाची कपाटं. किल्ली अंकलच्या पट्ट्याला. त्यांच्या खिसे उलटे करण्याला नवीन मुलं हसत, तेव्हा ते म्हणत, "हसा. एक काडतूस चुकून खिशात राहिलं आणि सुट्टीवर जाताना मुंबईच्या विमानतळावर मशीनमध्ये दिसलं, तर पोलिसांना काय सांगाल? खारीक आहे म्हणून?"

मी उमरग्याची. वडिलांचं बसस्टँडजवळ शिवणकामाचं दुकान. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मीच पहिली, आणि नवऱ्याला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले. मला काम मिळालं ते मात्र अबू धाबीत, या दुकानात. गिऱ्हाइकांचे परवाने तपासायचे, बंदूक परदेशी नेणाऱ्यांची कागदपत्रं करायची. तोवर मी बंदूक पाहिली होती ती आमच्या गावच्या बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर, आणि तीही झोपलेल्या वॉचमनच्या.

पहिल्या दिवशी अंकलनी माझ्या तळहातावर एक रिकामी पितळी पुंगळी ठेवली.

"भीती वाटते?"

"हो."

"छान. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी या काउंटरजवळ उभा करत नाही. नाव काय बाय तुझं?"

नाव सांगितलं, पण पुढेही ते मला 'बाय'च म्हणत राहिले. वसईकडे मुलीला असंच हाक मारतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते वसईचे, ख्रिस्ती. तरुणपणीच इकडे आलेले. माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे होते, पण त्यांनी मला कधी शिकवतोय असं भासू दिलं नाही. एखादी गोष्ट सांगायची असली की ते ती स्वतःलाच मोठ्याने सांगत आणि मला ऐकू येईल अशा बेताने उभे राहत.

गिऱ्हाइकाला त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. जनावर कोणतं? किती लांबून? आणि त्याच्या मागे काय आहे?

तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळत. "पीछे क्या? कुछ नहीं. जंगल."

"कुछ नहीं ऐसा कुछ नहीं होता, साब. पीछे किसी की गाय है, किसी का घर है, पत्थर है. गोली जनावर में रुकी नहीं, तो किधर जाएगी?"

हा प्रश्न ते सगळीकडे लावत. एकदा मॅनेजरने माझी रजा कापली म्हणून मी त्याला चांगली लांबलचक मेल लिहिली होती. अंकल चष्मा कपाळावर सरकवून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. "इंग्लिश भारी आहे बाय. आता सेंड दाबायच्या आधी मागे काय आहे ते बघ." मी बघितलं. मागे माझा व्हिसा होता, आणि उमरग्याला भावाची इंजिनिअरिंगची फी होती. मेल पुसली. दुसऱ्या दिवशी अंकल स्वतः मॅनेजरकडे जाऊन काय बोलले कोणास ठाऊक, रजा मिळाली.

आमच्याकडे हिवाळ्याच्या आधी अमेरिकेला जाणारी गिऱ्हाइकं येत. तिथे कायोटी नावाचं जनावर असतं. अंकलनी मला समजावलं, "आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊ, लांडग्याचा धाकटा. वासरं नेतो, मेंढ्या नेतो, म्हणून तिकडचे शेतकरी कावलेले असतात." एकदा एक तरुण मुलगा आला. अंगात पांढरीशुभ्र कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ झगा, पायात त्याच दिवशी घेतलेले शिकारीचे बूट. पहिल्यांदाच निघाला होता.

"सबसे बडा गोली दो," तो म्हणाला.

"हबीबी, कायोटी का वजन मालूम है? पंद्रह किलो. मेरे घर में चावल का थैला उससे भारी है."

"तो?"

"तो चावल के थैले पे तोप नहीं चलाते."

अंकलनी त्याला संध्याकाळी नेमबाजीच्या रेंजवर बोलावलं. मलाही सह्यांसाठी जावं लागलं. अंकलच्या पिशवीत कपडे धुवायच्या साबणाचे लांब बार होते. ते त्यांनी वाळूच्या पोत्यांपुढे उभे केले. त्या मुलाने आधी पूर्ण कवचाची, कडक गोळी झाडली. साबणात पेन्सिलीएवढं भोक पडलं आणि गोळी आरपार जाऊन मागच्या पोत्यात शिरली. मग अंकलनी त्यांच्या पसंतीची दिली. टू-टू-थ्रीचं काडतूस, पंचावन्न ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण एका अंगठीच्या सोन्याएवढं वजन, पातळ कवचाची आणि टोकाला प्लास्टिक असलेली. पुढून भोक तेवढंच बारीक. पण मागून बार अखंड. अंकलनी तो तारेने मधोमध कापला. आत चिकूएवढी पोकळी होती.

"ये देखो. जो हुआ, अंदर हुआ. बाहर कुछ नहीं आया. चमडा सलामत, पीछे का बछडा सलामत. और उसको खुद को मालूम भी नहीं पडा." मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मरायचं तर आहेच गो त्याला. रखडू नये, एवढं तरी आपण बघावं."

त्या मुलाने विचारलं, "इनास, तुमने कितना शिकार किया?"

"एक भी नहीं."

"झूठ!"

"मुर्गी भी घर में मेरी बीवी काटती है. मैं बाहर जाके खडा रहता हूँ."

आणि ते खरं होतं. सिसिल आंटी, म्हणजे त्यांची बायको, रविवारी मला जेवायला बोलवायची. शहराच्या जुन्या भागात एका खोलीचं त्यांचं घर होतं. स्वयंपाकघरात आंटी कोंबडी तोडायला लागली की अंकल खरोखर उठून जिन्यात जायचे. आंटीची तक्रार वेगळीच होती. "तुझा हा अंकल साबण भोकं पाडून परत घरी घेऊन येतो! म्हणतो, वाया कशाला घालवायचा. त्यात शिसं असतं गो! त्याने मी याचे शर्ट धुवू? मग उद्या हाच चर्चमध्ये खाजवत बसेल." बाल्कनीत तशा कापलेल्या बारांची उतरंड होती. फेकायचं नाही आणि वापरायचं नाही, असा दोघांमध्ये तह झालेला.

त्याच घरात मला दिसलं, की त्यांच्या पँटींच्या खिशांची अस्तरं विरली आहेत. रोज ओढून ओढून शिवणी उसवल्या होत्या. मी शिंप्याची मुलगी. असं काही दिसलं की माझ्या बोटांना चैन पडत नाही. सुट्टीवर गेले तेव्हा वडिलांच्या दुकानातून मांजरपाट आणला आणि त्यांच्या सगळ्या पँटींना नवे खिसे लावून दिले, दुहेरी शिवणीचे. त्यांनी पहिल्यांदा ते उलटे करून पाहिले, बोटांनी दाबून पाहिले.

"बाय, हे एवढे चांगले झालेत की आता यांत खरंच काहीतरी ठेवलं पाहिजे."

त्यांच्या गिऱ्हाइकांतलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अबू सैफ. हा म्हातारा इमाराती उंटांच्या चाऱ्याचा व्यापारी. अमेरिकेहून सुकलेल्या लसूणघासाच्या गठड्या जहाजाने मागवायचा. ज्याच्याकडून घास घ्यायचा त्या शेतकऱ्याच्या रानात कायोटी फार. तो दर हिवाळ्याला अबू सैफला बोलवायचा आणि अबू सैफ दर सप्टेंबरात अंकलकडे यायचा. काचेवर कोपर टेकून म्हणायचा, "इनास, अभी तक जिंदा?" अंकल म्हणायचे, "आपका उधार बाकी है साब, कैसे मरूँगा?" उधार कसलंच नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं, आणि दर वर्षी दोघंही तेवढंच हसायचे.

अबू सैफच्या बंदुकीवरची दुर्बीण जुळवायच्या, म्हणजे तिच्यातल्या खुणेवरच गोळी लागेल अशी बसवायच्या दिवशी अंकल रेंजवर मासळीची पेटी घेऊन जायचे. थर्मोकोलची, घरातली, जिच्यातून एरवी सुरमई यायची. तिच्यात बर्फ, आणि बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडतुसं. रेंजवरचा पठाण दर वर्षी विचारायचा, "आज क्या है चाचा, मछली या गोली?"

याचं कारण अंकलनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू जोरात जळते, गारठलेल्यातली मंद. आपल्याकडे सप्टेंबरात गाडीचा दरवाजा धरला तरी हात भाजतो. अशा काडतुसांवर दुर्बीण जुळवली आणि तिकडे जाऊन बर्फात गोळी झाडली, तर ती लांबून चार बोटं खाली लागते. "म्हणजे छातीऐवजी पाय," अंकल म्हणाले. "ही चूक अमेरिकेतला माणूस करणार नाही. तो थंडीतच जुळवतो, थंडीतच मारतो. ही चूक आपल्या वाळवंटातून जाणाऱ्याचीच. म्हणून ही पेटी."

त्या पेटीतून काढलेलं काडतूस ते स्वतः पुसायचे आणि अबू सैफच्या हातावर ठेवायचे. गार पितळ हातात घेऊन अबू सैफ एकदा तरी म्हणायचाच, "वल्ला, अमेरिका आ गया."

मग ते वर्ष आलं. आधी काय काय झालं ते मागे वळून पाहताना दिसतं. अंकल कधीकधी दाराशी खिसे उलटे करायचे, मी 'क्लिअर' म्हणायची, ते खिसे आत घालायचे, आणि दोन पावलं जाऊन पुन्हा उलटे करायचे. मला वाटायचं, वय झालं, काळजी वाढली. आंटी म्हणाली होती, "हल्ली चहा पिऊन झाला तरी चहा मागतो." आम्ही हसलो होतो.

त्या सप्टेंबरात अंकलनी पेटी आणली. त्यात बर्फ होता. पठाणाने नेहमीचा विनोद केला. अंकल पेटीवर बसले आणि बसूनच अबू सैफला वाऱ्याबद्दल काहीबाही सांगत राहिले. अबू सैफने गोळ्या झाडल्या, दुर्बिणीचे स्क्रू फिरवले, कागदावर भोकं मधोमध आली. सगळे खूश. मी सह्या घेतल्या.

फेब्रुवारीत अबू सैफ परत आला. 'अभी तक जिंदा' म्हणाला नाही. नुसते कोपर काचेवर टेकले.

"इनास, गोली नीचे गया."

"किधर लगा?"

"पीछे का टाँग. वो भागा. मैंने ढूँढा, दूसरे दिन भी ढूँढा. बर्फ पे खून था. फिर और बर्फ गिरा. खलास."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, त्या दिवशी पेटीतून काडतुसं कोणी काढली?"

मी आठवू लागले. अबू सैफही आठवू लागला. गार पितळ हातात घेतल्याचं त्याला आठवेना, तो 'अमेरिका आ गया' म्हणाल्याचं मला आठवेना. पेटी होती, बर्फ होता, म्हणून काडतुसं त्यातलीच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. काडतुसं मात्र सकाळपासून गाडीत, काचेखाली तापत पडलेली होती, आणि तिथूनच आली होती.

अबू सैफने हात झटकला. "अरे इनास, जनावर है. होता है."

"नहीं साब," अंकल म्हणाले. "हुआ नहीं. मैंने किया."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी चहा घेऊन बसले. ते असं कधी बसत नसत. "माझी आई," ते म्हणाले, "शेवटी शेवटी मला तिचा भाऊ समजायची. मग शेजारचा कोणीतरी. मग कोणीच नाही. बाहेरच्या माणसाशी बोलतात तसं अदबीने बोलायची माझ्याशी. सात वर्षं गेली त्यात. तो कायोटी एका रात्रीत तरी गारठून सुटला असेल." कप त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. "सुरुवात अशीच झाली होती तिची. चुलीवर भांडं चढवायची आणि तांदूळ टाकायला विसरायची. पाणी उकळतंय, म्हणजे भात होतोय."

आंटी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते अंकलनी मला एकटीलाच सांगितलं, मॅनेजरला नाही. आईचाच आजार होता. डॉक्टर म्हणाले होते, की ओळखीचं काम आणि ओळखीची माणसं जितकी टिकतील तितकं बरं.

"या काउंटरवर मी इनास आहे," ते म्हणाले. "लोक येतात, नाव घेतात, मी उत्तर देतो. घरी बसलो की थोड्या दिवसांत मी कोणीच नसेन. मला इथे राहायचंय बाय. पण माझ्या चुकीच्या मागे या खेपेला जनावर होतं. पुढच्या खेपेला माणूस असेल."

याचा अर्थ मला माहीत होता. आमच्या कपाटात थ्री-हंड्रेड नावाचं एक काडतूस असतं. ते टू-टू-थ्रीच्या बंदुकीत बिनबोभाट बसतं. पण त्याची गोळी त्या नळीपेक्षा जाड. घोडा ओढला की बंदूक झाडणाऱ्याच्या तोंडापाशीच फुटते. म्हणून अंकलनी त्या डब्यांना लाल पट्टी लावून ते वेगळ्या कपाटात ठेवले होते, आणि एक नियम केला होता. गिऱ्हाइकाने बंदुकीच्या नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव मोठ्याने वाचायचं, आपण डब्यावरचं मोठ्याने वाचायचं, दोन्ही जुळलं की मगच डबा काचेवरून पलीकडे जायचा. एकदा प्रत्यक्ष दुकानाच्या मालकालाही त्यांनी नळी वाचायला लावली होती.

"तू बाजूला उभी राहा," ते म्हणाले. "ऐक आणि बघ. मी चुकलो तर तिथल्या तिथे थांबव. लाजू नकोस, माझी लाज राखू नकोस. कबूल?"

"कबूल."

पुढचे काही महिने मी प्रत्येक डब्याला त्यांच्या शेजारी उभी राहिले. गिऱ्हाइकांना वाटायचं, मला तयार करताहेत. एकही चूक झाली नाही. त्यांचे तीन प्रश्न चालू होते, साबण चालू होता, विनोद चालू होते. मी मनात म्हणू लागले, की डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असेल. संध्याकाळी 'क्लिअर' म्हणताना माझा आवाज मोकळा होत चालला होता.

मग एका दुपारी तो साबणवाला मुलगा आला. आता दाढी आलेली, बूट जुने झालेले. अंकलनी त्याला नावाने हाक मारली, कायोटींचं विचारलं, त्याच्या नव्या बाळाचं विचारलं. सगळं व्यवस्थित. मुलाने नळी वाचली, "टू-टू-थ्री."

अंकलनी कपाट उघडलं, डबा काढला, हातात धरला आणि मोठ्याने, स्वच्छ वाचलं, "टू-टू-थ्री."

डब्यावर लाल पट्टी होती.

डबा काचेवरून सरकत निघाला होता. मी त्यावर हात ठेवला. "अंकल, डबा वाचा."

त्यांनी चष्मा नीट केला. अक्षरांखाली बोट ठेवलं आणि बोट सरकवत पुन्हा वाचलं, "टू-टू-थ्री."

मी डब्यावरचा हात काढला नाही. त्यांनी मान वर केली आणि डब्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. डब्यावर काय लिहिलं आहे ते त्यांनी तिथे वाचलं.

"क्या हुआ?" मुलाने विचारलं.

"कुछ नहीं हबीबी. ये डिब्बा तेरे लिए नहीं है." पट्ट्याची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तू काढून दे बाय."

मी बरोबर डबा काढला, वाचला, मुलाने पुन्हा नळी वाचली. अंकलनी त्याच्याशी हात मिळवला आणि दारापर्यंत सोडायला गेले. तिथून ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. बाहेर आले तेव्हा मॅनेजरही मागून आला. तो चिडका माणूस चष्मा काढून उगाचच पुसत होता. त्याने पुढच्या बाजूला, बुटा-मोज्यांच्या विभागात बसा म्हणून सांगितलं होतं, वर्षभर तरी; पण अंकलनी नोकरीच सोडली होती, आंटीला घेऊन वसईला परत जायचं ठरवून. अंकल मला म्हणाले, "मोजे विकताना काय विचारू गो? त्याच्या मागे काय आहे?" आणि हसले.

त्या संध्याकाळी किल्ली माझ्याकडे होती, तरी ते दाराशी थांबले आणि खिसे उलटे केले.

बातमी अबू सैफपर्यंत पोचली. तो दुसऱ्याच दिवशी आला आणि काउंटरच्या आत येऊन अंकलच्या शेजारी स्टुलावर बसला. इतक्या वर्षांत तो काचेच्या या बाजूला कधी आला नव्हता.

"किधर जाता है तू? मेरे मजलिस में बैठ. वीजा मैं देगा. कहवा पी, बात कर, खलास. काम नहीं करने का."

अंकलनी त्याचा हात हातात घेतला. "साब, आज बैठूँगा तो आपको पहचानूँगा. कल पूछूँगा, ये किसका घर है, आप कौन?"

"तो मैं नाम बतायेगा."

"परसों फिर पूछूँगा."

"तो परसों भी बतायेगा. रोज बतायेगा. मेरे को क्या काम है?"

"मालूम है, आप बताओगे," अंकल म्हणाले. "इसीलिए जा रहा हूँ."

उठताना अबू सैफने विचारलं, की या सप्टेंबरात बर्फ कोण आणणार. अंकलनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दर्जी की बेटी है. नाप में गलती नहीं करेगी."

निघायच्या आधीच्या दिवसांत मी रोज त्यांच्याकडे जायची. आंटी सामान बांधत होती. मासळीची पेटी तिने धुऊन, वाळवून माझ्यासाठी दाराशी ठेवली होती. साबणाचे बार अखेर खाली गेले. आंटी ते टाकून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मेला, इतकी वर्षं भांडले या साबणावरून," ती म्हणाली. संध्याकाळ झाली की अंकल घरातच, फ्रिजपाशी उभे राहून खिसे उलटे करत. आंटी हातातलं टाकून यायची, नीट बघायची आणि म्हणायची, "क्लिअर हो, क्लिअर." मग ते सुटल्यासारखे जाऊन पंख्याखाली बसायचे.

विमानतळावर मी त्यांच्याबरोबर गेले. बॅगा दिल्या, पास घेतले. पासपोर्टच्या रांगेपाशी मला थांबावं लागलं, पुढे फक्त प्रवासी. आंटीने मला पोटाशी धरलं. अंकलनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, येतो हां." आवाज प्रेमळ होता. पण मला 'बाय' अशी हाक मारली नाही.

ते दोघं रांगेत पुढे सरकत गेले. आंटीच्या एका हातात दोन्ही पासपोर्ट, दुसऱ्या हातात अंकलचं मनगट. काउंटर जवळ आलं तसे अंकल थांबले. मनगट सोडवून घेतलं, आणि दोन्ही हातांनी पँटचे खिसे उलटे काढले. माझा मांजरपाट लांबूनही पांढरा दिसत होता. मग त्यांनी शर्टाचा खिसा ओढला, वाकून पँटची दुमड झटकली आणि वळून मागे पाहिलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर, समोर कोण उभं आहे ते शोधत होते. मागची माणसं ट्रॉल्या घेऊन खोळंबली. आंटी काहीतरी म्हणाली. तिने 'क्लिअर'च म्हटलं असणार. पण ती त्यांच्या बाजूला उभी होती, समोर नव्हती. ते हलेनात.

मी कठड्याला टेकून, अंगात होता नव्हता तेवढ्या जोराने ओरडले, "क्लिअर, अंकल!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मान हलवली, अगदी दुकानाच्या मागच्या दाराशी हलवायचे तशी, आणि वळून आंटीबरोबर पुढे चालू लागले. खिसे आत घालायचे राहिले. दोन्ही बाजूंना ते तसेच पांढरे लोंबत होते, भिंतीआड जाईपर्यंत.